एकशे सदतीस पानांची वही

रेल्वेचे छापील वेळापत्रक तुम्ही कधी हातात घेऊन चाळले आहे काय? हल्ली गाडीची वेळ मोबाईलवर कळते, त्यामुळे तसा प्रसंग क्वचितच येतो. पण आमच्या मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या पुस्तकाची रचना ठाऊक असते. पुस्तकाच्या एका भागात स्थानकांची नावे वर्णानुक्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे तक्त्याचा क्रमांक दिलेला असतो. लहानशा स्थानकापुढे एकच क्रमांक. मनमाडपुढे मात्र एकाहून अधिक. कारण मुंबईहून भुसावळकडे जाणारा हमरस्ता, कोपरगाव-अहिल्यानगरवरून दौंडला जाणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादेकडे जाणारा मार्ग हे तिन्ही येथे एकत्र येतात. पुस्तक कितीही जाड असले तरी पाने उलटत बसावे लागत नाही. सूची पाहायची, क्रमांक घ्यायचा आणि थेट त्या तक्त्यावर जायचे.

संगणकावरच्या हिशेबवहीत, म्हणजे ज्याला आपण एक्सेलची फाईल म्हणतो तिच्यात, बहुधा अशी सूची नसते. पडद्याच्या तळाशी ओळीने छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक पान, एक शीट. पाच-सहा पाने असली तर सगळ्या पट्ट्या एका नजरेत येतात. पंचवीस झाली की बाकीच्या पडद्याबाहेर जातात. शंभर झाली की हवे ते पान शोधणे हाच एक उद्योग होऊन बसतो. 'मोठ्या फाईलमध्ये एका शीटवरून दुसऱ्या शीटवर झटकन कसे जावे?' असा प्रश्न शिक्षक, कारकून, विद्यार्थी सगळेच विचारतात आणि त्याची उत्तरेही पुष्कळ आहेत. ती मी पुढे सांगणार आहे. पण माझे मत असे की, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली म्हणजे त्याआधीचा एक प्रश्न आपण विचारायचा राहिलेला असतो. एवढी पाने मुळात झालीच कशी?

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. स्वतःच्या चुकीतून ते आले आहे, तेव्हा ती चूक आधी सांगतो.

मनमाडकरांच्या कित्येक पिढ्यांनी पाण्याचे दिवस मोजले आहेत. वागदर्डी धरणातला साठा उन्हाळ्यात खाली गेला की नळाला पाणी येण्यामधले अंतर वाढत जायचे आणि पिंपे, टाक्या, हंडे यांवर घराचा कारभार चालायचा. काही वर्षांपूर्वी आमच्या आठवी-नववीच्या मुलांनी ठरवले की, आपापल्या गल्लीत पाणी कोणत्या तारखेला आले, किती वेळ आले, याची वर्षभर नोंद ठेवायची. अकरा मुले, अकरा गल्ल्या. कल्पना उत्तम होती आणि मुलांनी चिकाटीही उत्तम दाखवली. नोंदी कशा ठेवाव्यात हे मात्र मला विचारण्यात आले आणि मी, वर्गाच्या हजेरीपटाची सवय असलेला मास्तर, चटकन सांगून मोकळा झालो, "प्रत्येक गल्लीसाठी महिन्याला एक शीट करा." अकरा गल्ल्या, बारा महिने, एकशे बत्तीस शीटा झाल्या. त्यात गोषवारा, आलेख आणि आणखी तीन किरकोळ शीटांची भर पडली. एकूण १३७.

वर्षाच्या शेवटी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी मोठा फलक लावला. प्रत्येक गल्लीपुढे 'दोन वेळच्या पाण्यातील सर्वांत मोठा खंड' असा आकडा होता. एका गल्लीपुढे लिहिले होते १४ दिवस. नातीचे काम पाहायला आलेल्या एक आजी त्या फलकापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "चौदा कुठले गं? एप्रिल-मेच्या अधेमधे एकोणीस दिवस नव्हतं पाणी. न्हाणीच्या दारामागं रेघा आहेत माझ्या." त्या रोज खडूने एक उभी रेघ ओढत आणि पाणी आले की आडवी. मुलगी संध्याकाळी घरी गेली, रेघा मोजल्या. आजींचे बरोबर होते.

आता मुलांचा आकडा चुकला कुठे? नोंदी तर चोख होत्या. एप्रिलच्या शीटवर पाण्याच्या तारखा होत्या ५ आणि १९. त्यांतले अंतर १४ दिवस. मेच्या शीटवर तारखा होत्या ८ आणि २२. अंतर पुन्हा १४ दिवस. प्रत्येक शीटवर तारखांची वजाबाकी करून त्यातली मोठी संख्या काढायची, असे सूत्र मुलांनी घातले होते. पण १९ एप्रिल ते ८ मे हे एकोणीस दिवसांचे अंतर कोणत्या शीटवर होते? कोणत्याच नाही. ते दोन शीटांच्या मधल्या फटीत पडले होते. महिना ३० तारखेला संपतो हे कॅलेंडरला ठाऊक असते, कोरड्या नळाला नसते. आम्ही कॅलेंडरची भिंत उभी केली आणि आमचा सर्वांत महत्त्वाचा आकडा त्या भिंतीखाली चिणला गेला. आजींच्या दारावर मात्र महिन्यांच्या भिंती नव्हत्या. रेघेपुढे रेघ, एवढेच होते.

फलकावरच्या अकरा आकड्यांपैकी किती चुकले होते हे तपासायचे ठरले तेव्हा शीटांमधून हिंडणे काय असते ते आम्हाला कळले. एका गल्लीचा एप्रिल पाहायचा, मग तिचाच मे शोधायचा. आधी सगळ्या गल्ल्यांचे जून, मग सगळ्यांचे जुलै अशा क्रमाने शीटा लागलेल्या असल्यामुळे तो अकरा पट्ट्या पलीकडे. काही मुलांनी शीटांची नावे बदललीच नव्हती. 'शीट ४१', 'शीट ४२' अशीच राहिली होती. दोन दुपारी त्यात गेल्या.

तेव्हा जाण्यायेण्याच्या युक्त्या आम्ही शिकलो. त्या उपयोगाच्या आहेत, म्हणून देतो. कंट्रोल ही कळ दाबून धरून पेज-डाऊन दाबले की पुढचे शीट येते, पेज-अपने मागचे. लहान फाईलीला हे पुरेसे आहे; पण पहिल्या शीटवरून एकशे सदतिसाव्यावर जायला कळ १३६ वेळा दाबावी लागेल. तळाशी अगदी डाव्या कोपऱ्यात दोन लहान बाण असतात. त्यांवर माउसची उजवी कळ दाबली तर सगळ्या शीटांच्या नावांची यादी उघडते आणि हवे ते नाव निवडता येते. ही सोय एक्सेल रोज वापरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. गूगल शीट्समध्ये त्याच कोपऱ्यात आडव्या रेघांचे चिन्ह असते, त्यानेही यादीच उघडते. तिसरा उपाय म्हणजे, सूत्रपट्टीच्या डावीकडे ज्या चौकटीत सेलचा पत्ता दिसतो तिथे शीटचे नाव, पुढे उद्गारचिन्ह आणि पुढे सेलचा पत्ता लिहून एंटर दाबायचे. थेट तिथे पोचता. नावात मोकळी जागा असेल तर नाव एकेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते.

यादीतली नावे शीटा ज्या क्रमाने लावल्या त्याच क्रमाने येतात, वर्णानुक्रमाने नाही. याचा अर्थ काय होतो ते गणिताच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विस्कटलेल्या १३७ नावांत एक नाव शोधायचे तर नशीब वाईट असल्यास १३७ नावे वाचावी लागतात. तीच नावे क्रमाने लावलेली असतील तर मधले नाव पाहायचे, हवे ते त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायचे, अर्धी यादी सोडून द्यायची. पुन्हा मधले पाहायचे. दोनाचा आठवा घात २५६, आणि तो १३७ पेक्षा मोठा. म्हणून अशा आठ प्रश्नांत कोणतेही नाव सापडलेच पाहिजे. शब्दकोशात आपण हेच करतो. मात्र महिन्यांची नावे वर्णानुक्रमाने लावली तर एप्रिल आधी आणि जानेवारी नंतर येतो, म्हणजे काळाचा क्रम मोडतो. यावर उपाय सोपा आहे. '२०२३-०४' असे आधी वर्ष आणि मग दोन अंकी महिना लिहिले की आकड्यांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. महिना एक अंकी लिहिलात तर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. ती चूकही आम्ही केली.

नावाबद्दल आणखी एक. एक्सेलमध्ये शीटचे नाव ३१ चिन्हांपेक्षा मोठे ठेवता येत नाही आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे प्रत्येकी वेगळे चिन्ह म्हणून मोजले जाते. 'मनमाड' आपल्याला चार अक्षरांचे वाटते, यंत्राला ते पाच चिन्हांचे दिसते. 'स्टेशन' आपल्याला तीन अक्षरांचे, यंत्राला सहा चिन्हांचे. तेव्हा मराठी नाव देताना आटोपशीर द्यावे. पण मराठीतच द्यावे, लाजू नये.

एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कंट्रोल आणि पेज-डाऊन यांच्याबरोबर चुकून शिफ्ट दाबली गेली तर शीट बदलते ते वेगळेच, शिवाय दोन्ही शीटा एकदम निवडल्या जातात. मग एका शीटवर जे टंकाल ते दुसऱ्या शीटवरही, त्याच सेलमध्ये, आधीचा मजकूर पुसून लिहिले जाते. पडद्याच्या माथ्यावर फाईलच्या नावाशेजारी 'ग्रुप' असा शब्द येतो, पण टंकणाऱ्याची नजर तिथे नसते. आमच्या दोन गल्ल्यांत जुलैमध्ये एकाच दिवशी, एकाच मिनिटाला पाणी येऊन एकाच मिनिटाला गेल्याचे दिसत होते. त्यातली एक गल्ली गावाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. वहीच्या कागदावर अशी चूक होऊच शकत नाही.

असो. युक्त्या शिकून आम्ही चपळ झालो, परंतु फलकावरचा आकडा त्यामुळे सुधारला नसता. फटीत पडलेले एकोणीस दिवस कितीही वेगाने शीटा बदलल्या तरी दिसणार नव्हते. म्हणून शेवटी मुलांनी सगळ्या नोंदी एकाच शीटवर आणल्या. रकाने चार: गल्ली, तारीख, किती मिनिटे, नोंद कोणी केली. प्रत्येक वेळचे पाणी म्हणजे एक ओळ. १३२ शीटांवर पसरलेला वर्षभराचा मजकूर २८३ ओळींत मावला! सगळ्या ओळी आधी गल्लीप्रमाणे आणि गल्लीत तारखेप्रमाणे लावल्या. पाचव्या रकान्यात सूत्र घातले: वरच्या ओळीतली गल्ली हीच असेल तर या तारखेतून वरची तारीख वजा कर, नसेल तर चौकट रिकामी ठेव. ही अट महत्त्वाची आहे, नाहीतर एका गल्लीच्या पहिल्या तारखेतून दुसऱ्या गल्लीची शेवटची तारीख वजा होते. सूत्र एकदा लिहिले आणि खालपर्यंत ओढले. एकोणीसचा आकडा आपोआप वर आला. त्याच्याबरोबर आणखी चार गल्ल्यांचे आकडेही बदलले.

तारखांची वजाबाकी यंत्राला कशी जमते? एक्सेल तारीख ही संख्या म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० हा दिवस १, दुसरा दिवस २, असे मोजत जाते. आपल्याला दिसते ते तारखेचे रूप, आत असतो नुसता दिवसांचा आकडा. (यात एक गंमत आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण एक्सेलच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस साठाव्या क्रमांकावर आहे. लोटस १-२-३ या आधीच्या लोकप्रिय कार्यक्रमात ती चूक होती. त्याच्या फाईली एक्सेलमध्ये बिनचूक चालाव्यात म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवण्यात आली.) म्हणजे यंत्राच्या पोटात महिने नाहीतच, आजींच्या दारासारख्या रेघाच आहेत. महिन्यांचे तुकडे आम्ही पाडले होते.

ही तुकडे पाडण्याची सवय कुठून आली असावी? मला वाटते कागदापासून. कागदाचे पान लहान असते. महिना संपला की पान संपते. सुरुवातीच्या संगणकांतही जागा अशीच तोकडी होती. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी व्हिजिकॅल्क तयार केले, तेव्हा त्यात २५४ ओळी आणि ६३ रकाने होते आणि पान एकच. आमच्या २८३ ओळी त्यात मावल्या नसत्या. अनेक शीटा एका फाईलीत आणि तळाशी पट्ट्या, हे रूप एक्सेलला १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत मिळाले. त्या पट्ट्या म्हणजे कचेरीतल्या फाईलीतून बाहेर डोकावणाऱ्या पुठ्ठ्याच्या जिभांची नक्कल आहे. २००७ पासून एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. पान संपण्याची भीती गेली तरी हात मात्र महिना संपताच नव्या पट्टीकडे जातो.

जागेची सीमा नुसती गैरसोयीची नसते, ती गुपचूप कापतेही. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करोनाबाधितांचे १५,८४१ अहवाल राष्ट्रीय आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलीत भरली जात होती. त्या प्रकारात शीटवर ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात एवढ्याच ओळी मावतात. पुढच्या ओळी सांडून गेल्या आणि काही दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम तेवढे लांबले. आमचे एकोणीस दिवस आणि ते पंधरा हजार अहवाल यांच्या मोलात अर्थातच फार अंतर आहे. पण दोन्हीकडे माहिती गेली ती सीमेवरच.

माहिती या शीटवरून त्या शीटवर नेण्यातही असाच धोका आहे, आणि मनमाडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. औरंगाबादकडे जाणारा आमचा मार्ग १९९० च्या दशकात रुंद होईपर्यंत मीटरगेज होता, म्हणजे रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. त्यामुळे मालाची पोती या गाडीतून उतरवून त्या गाडीत चढवावी लागत. दर चढउतारीला वेळ जाई, आणि पोते फाटून धान्य सांडणे हे ठरलेलेच. आमच्या गोषवाऱ्याच्या शीटवर मुलांनी १३२ शीटांवरून एकेक आकडा हाताने उचलून आणला होता. त्यातही पोती फाटली होतीच. एका गल्लीचा ऑक्टोबर दुसरीच्या नावावर चढला होता. सूत्राने आणले तरी सावध राहावेच लागते. 'पहिल्या शीटपासून शेवटच्या शीटपर्यंत याच सेलची बेरीज' असे सूत्र एक्सेलमध्ये लिहिता येते आणि ते दिसतेही ऐटबाज. पण कोणी मधली एक पट्टी ओढून शेवटच्या पट्टीच्या पलीकडे ठेवली की तिचा आकडा बेरजेतून गळतो आणि यंत्र अवाक्षर काढत नाही.

मग एकापेक्षा अधिक पाने करूच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. पाने कशी करावीत आणि त्यांच्यात ये-जा कशी ठेवावी याचा एक जुना, पक्का नमुना आपल्या गावोगावी आहे. तो म्हणजे तलाठ्याचे दप्तर.

सातबाराचा उतारा तुमच्यापैकी शेतकरी घरातल्या मुलांनी नक्की पाहिला असेल. 'सातबारा' हे नाव कशावरून पडले? गावच्या महसुली हिशेबाचे नमुने एक ते एकवीस असे क्रमांकित आहेत. त्यांतला सातवा नमुना जमीन कोणाच्या नावे आहे, तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत ते सांगतो. बाराव्यात पिकांची नोंद असते. हे दोन एकाच कागदावर देतात म्हणून तो सातबारा. आता त्यावर मालकाच्या नावाजवळ एक आकडा असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर त्याभोवती वर्तुळ काढलेले दिसते. समजा तो १२४३ आहे. तो फेरफाराचा क्रमांक. ही जमीन या माणसाच्या नावे कशी आली, खरेदीने, वारसाने की वाटणीने, हे पाहायचे असेल तर सहाव्या नमुन्याची, म्हणजे फेरफाराची नोंदवही घ्यायची आणि १२४३ ही नोंद उघडायची. तिथे व्यवहाराचा प्रकार मिळतो, नोंद मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही मिळते आणि ज्या जमिनींवर परिणाम झाला त्यांचे गट क्रमांकही मिळतात. त्या क्रमांकावरून पुन्हा सातव्या नमुन्यावर परत येता येते. त्याच माणसाची गावात आणखी कुठे जमीन आहे? खाते क्रमांक घ्या आणि आठ-अ पाहा. संगणकात निळ्या अक्षरांवर टिचकी मारून आपण इकडून तिकडे उडी घेतो. ते वर्तुळातले आकडे म्हणजे तशाच उड्या, शाईने लिहिलेल्या.

या दप्तरात पाने पाडली आहेत ती विषयाच्या भेदाने: हक्क वेगळे, बदल वेगळे, खाती वेगळी. प्रत्येक प्रकारची गोष्ट एकाच जागी, आणि दोन जागा क्रमांकाने बांधलेल्या. कोणी 'रामभाऊंची वही', 'गणपतरावांची वही' अशा वह्या केल्या असत्या तर रामभाऊंनी गणपतरावांना जमीन विकल्यावर ती नोंद कुठल्या वहीत जायची? आमची गल्लीवार-महिनावार शीटांची फाईल नेमकी तशीच होती. माझ्या मते शीट वेगळे करण्याची कसोटी हीच असावी. नव्या शीटचे रकाने जुन्या शीटसारखेच असतील तर ते शीट नकोच, त्या सगळ्या ओळी एकत्र असाव्यात आणि 'महिना' किंवा 'गल्ली' हा आणखी एक रकाना व्हावा. रकाने वेगळे असतील तरच शीट वेगळे.

आमच्या शाळेच्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, "मुख्याध्यापकांना इयत्ता सातवी तुकडी ब एवढेच हवे असते. वेगळे शीट असले की प्रिंट काढून देतो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. वाचणाऱ्याला तुकडा हवा असतो. पण साठवणे आणि दाखवणे ही दोन कामे आहेत. एकत्र साठवलेल्या ओळींतून गाळणीने हवी ती तुकडी काढून छापता येते. तुकड्यांत साठवलेले एकत्र करताना मात्र दोन दुपारी जातात, आणि एकोणीस दिवस तर तरीही सापडतीलच असे नाही. आमचा हा वाद चहावर अजून चालू असतो.

शिक्षकांपाशी माझे एक गाऱ्हाणे आहे, त्यात मी स्वतःही आलो. संगणकाच्या तासाला आपण 'पुढच्या शीटवर जाण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्यात?' असा प्रश्न घालतो, कारण त्याचे उत्तर एका ओळीत येते आणि तपासायला सोपे असते. 'ही माहिती किती शीटांत ठेवाल आणि का?' असा प्रश्न मी तरी प्रश्नपत्रिकेत फारसा पाहिलेला नाही. त्याला एक ठराविक उत्तर नाही हे खरे. म्हणून तर तो वर्गात विचारावा. संगणक नसला तरी चालेल. शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि गुणपत्रकांची वही टेबलावर ठेवावी आणि मुलांना विचारावे की, एका मुलाची माहिती या तिन्हींत शोधायची तर कोणत्या क्रमांकाचा धागा धरायचा. हजेरी क्रमांक दर वर्षी बदलतो आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक बदलत नाही, हे मुलांना स्वतःहून सापडले की अर्धा धडा झाला.

आमच्या पाण्याच्या नोंदींची नवी फाईल आता चार शीटांची आहे. पहिले शीट अनुक्रमणिका. त्यात बाकीच्या तिघांची नावे, प्रत्येकात काय आहे याचे एक वाक्य आणि टिचकी मारताच तिथे नेणारा दुवा. आणि प्रत्येक शीटच्या पहिल्या सेलमध्ये अनुक्रमणिकेकडे परत आणणारा दुवा. दुसरे शीट नोंदींचे. तिसऱ्यात गल्ल्यांची यादी, प्रत्येकीला एक क्रमांक, कारण एकच गल्ली तीन मुले तीन तऱ्हांनी लिहीत होती. चौथ्यात उत्तरे: सूत्रे आणि आलेख. चौथ्या शीटवर कोणीही हाताने आकडा लिहायचा नाही, असा मुलांनीच नियम केला आहे.

१३७ शीटांची जुनी फाईल मी पुसून टाकलेली नाही. दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गापुढे ती उघडून ठेवतो आणि विचारतो, सर्वांत मोठा खंड कोणत्या गल्लीत पडला आणि किती दिवसांचा? मग घड्याळ लावून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. पहिली पाच मिनिटे कळांचा आवाज येत राहतो. यंदा सातव्या मिनिटाला एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, हे सगळं एका शीटवर आणलं तर चालेल का?"